पहिला घास बाळंतिणीचा

याओ मावशी गल्लीत शिरली की लोक आधी तिच्या हाताकडे बघायचे. हातात झाकणाचं पांढरं इनॅमलचं भांडं असलं आणि झाकणावर लाल फडकं बांधलेलं असलं, तर कुणाकडे तरी बाळंतपण झालंय हे सांगायला नको. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "काय झालं? मुलगा की मुलगी?" याओ मावशी सांगायची नाही. "ज्यांचं आहे ते सांगतील, मी हमाल," एवढं बोलून ती थेट माझ्या चुलीकडे यायची.

माझी चूल म्हणजे गरम पाण्याचं दुकान. सासऱ्यांनी बांधलेली मोठी भट्टी, तिच्यात कायमच्या बसवलेल्या हंड्या, आणि खाली भाताचं तूस जळत असतं. लोक थर्मास घेऊन येतात, भरून नेतात. घरोघरी गॅस आल्यापासून धंदा बसलाच म्हणायचा. आता जे येतात ते गप्पांना येतात, थर्मास हे निमित्त. याओ मावशीचं तसं नव्हतं. तिला पाणी खरंच लागायचं, कारण ती वार धुवायची, बाळामागून पडते ती.

बाळंतिणीला तिचीच वार खाऊ घालायची आमच्याकडे रीत आहे. टाकून देणारी माणसंही आहेत, विशेषतः नानजिंगला शिकून आलेली. त्यांच्या सुना पुढे जन्मभर कंबर धरून बसतात असं समोरच्या दोंगकाकूचं म्हणणं. मी दोन्ही प्रकारच्या सुना पाहिल्यात. कंबर सगळ्याच धरतात.

पण वार घरी आणली म्हणजे झालं असं नाही. ती नीट धुतली नाही तर घरभर असा वास सुटतो की बाळाचा बाप जेवण टाकून पळतो. म्हणून गल्लीत, आणि पलीकडच्या दोन-तीन गल्ल्यांतही, हे काम याओ मावशीचं. ती माझ्या भट्टीमागच्या मोरीवर बसायची. सुईने एकेक शीर टोचायची, अंगठ्याने रक्त बाहेर ढकलायची, पाणी ओतायची, पुन्हा टोचायची. मोरीतून लाल पाणी जायचं, मग गुलाबी, मग स्वच्छ. स्वच्छ पाणी आल्याशिवाय ती मान वर करायची नाही. मग तिरफळं घातलेल्या पाण्यात उकळी. पुढे घरच्यांच्या मर्जीप्रमाणे आलं आणि तांदळाची दारू घालून रस्सा, नाहीतर बारीक चिरून करंज्यांचं सारण. उरलेली कोऱ्या कौलावर मंद आचेला वाळवायची आणि कुटून पूड करायची. ती पूड दम्याला चालते म्हणतात, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांचा तिच्यावर आधीपासून डोळा असतो.

याओ मावशीचं सगळं आयुष्य तालुक्याच्या दवाखान्यात फरशी पुसण्यात गेलं, तेही बाळंतपणाच्या खोलीत. तिथल्या एका म्हाताऱ्या सुईणीकडून ती हे शिकली. नवरा लवकर गेला, मुलगा कालव्यावर वाळूचा पडाव चालवतो आणि नवीन वर्षाला घरी येतो, आला तर. दिसायला किडकिडीत, बोलायला तिखट. हातावर सदा आल्याचा वास. पैसे घ्यायची नाही, गूळ नाहीतर अंडी दिली तर घ्यायची, आणि गूळ काळा असला तर तसं तोंडावर सांगायची.

तिच्या दोन अटी होत्या आणि त्या सगळ्या गल्लीला पाठ होत्या. पहिली ही की ज्याची त्याच्या घरी. वार विकत घेणारे बाहेरचे व्यापारी फिरत असायचे, आमच्याकडे त्यांची काही कमी नाही. पहिलटकरणीची आणि त्यातून मुलाची वार म्हणजे त्यांना सोनं. असला एक जण एकदा भट्टीशी येऊन गोड बोलायला लागला तर याओ मावशीने उकळत्या पाण्याचा डाव उचलला होता. तो पळाला आणि त्याची टोपी माझ्याकडेच राहिली. अजून आहे.

दुसरी अट म्हणजे पहिला घास बाळंतिणीचा. वाडगा ती स्वतः घेऊन जायची, बाळंतिणीच्या हातात द्यायची आणि समोर स्टूल घेऊन बसायची. ती खाईपर्यंत उठायची नाही. एका घरी सासऱ्याने "जरा चव बघू" म्हणून हात पुढे केला. याओ मावशीने त्याच्या बोटांवर चमचा मारला. "पोट तिनं फाडून घेतलंय, तुम्ही नाही. आधी तिचं होऊ दे, मग वाडगा चाटा." म्हातारा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. तिचं काही अडलं नाही.

या दुसऱ्या अटीचं कारण तिने मला एकदाच सांगितलं. दुपारची वेळ होती, आम्ही दोघी रताळी सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, "मावशी, तुझ्या वेळी कुणी धुतली गं?"

"सासूनं," ती म्हणाली. "उपासमारीचं वर्ष होतं. झाडांच्या साली संपल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मला मुलगी झाली. सासूनं वार उकळली, मीठही नव्हतं घरात. वास आला तेव्हा मला वाटलं, आता येईल वाडगा. सासऱ्यांचे पाय सुजले होते, नवऱ्याचं तोंड सुजलं होतं. त्यांनी खाल्ली."

"आणि तू?"

"मी वाट बघत होते."

ती रताळं सोलत राहिली. मग म्हणाली, "दूध आलंच नाही. पोरगी महिन्याच्या आत गेली. ते काही वाईट नव्हते गं मेइयुन. भुकेले होते. सासू नंतर वर्षभर माझ्याकडे बघायची नाही." एवढंच बोलली. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

आता दोंगांच्या घरचं सांगते.

दोंगांचं रजयांचं दुकान माझ्या समोरच. दोंगकाकू म्हणजे गल्लीचा भोंगा. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून माहेरी का गेली, हे ती कापूस पिंजता पिंजता सगळ्यांना ऐकवते. माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात तिने दोन नव्या रजया आणून टाकल्या होत्या आणि त्याचा उल्लेख नंतर फक्त दहा-वीस वेळा केला. तिचा नवरा, म्हातारे दोंग, दम्याने बेजार, दारात बसून शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेतात. मुलगा हाइपिंग दुकान बघतो. चांगला मुलगा, फक्त आई समोर असली की त्याला वाचा नसते. त्याची बायको वेनछिन, सूत गिरणीत कामाला. शांत, कामाची. सासूने तिचं कौतुक करावं इतकी कामाची.

वेनछिनला दिवस गेले तेव्हापासून दोंगकाकूने याओ मावशीला सांगून ठेवलं होतं. "अर्ध्याच्या करंज्या, सुनेच्या दुधासाठी. अर्ध्याची पूड, ह्यांच्या दम्यासाठी. हाइपिंगच्या वेळी तूच धुतली होतीस ना गं? मला अजून चव आठवते. आणि या वेळी नातूच होणार, बघून ठेव."

बाळंतपणाला थोडेच दिवस उरले होते तेव्हा एका सकाळी वेनछिन थर्मास घेऊन आली. भट्टीशी मी आणि याओ मावशी, बाकी कुणी नाही. तिने थर्मास खाली ठेवला तरी हातातलं झाकण फिरवत राहिली.

"मावशी, तुम्ही माझी वार आणायला येऊ नका," ती म्हणाली.

"का गं? दुसरी कुणी बघितलीस?"

"दवाखाना देणार नाही."

याओ मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. दवाखान्यात हयात घालवलेली बाई, तिला पुढचं सांगायला नको होतं. नियमाने वार आईची, तिने मागितली की द्यावी लागते. फक्त आईच्या रक्तात रोग असला तर देत नाहीत.

"कावीळ?"

"हो. बी. लहानपणापासून आहे. मला काही होत नाही, डॉक्टर म्हणतात नुसती रक्तात आहे. बाळाला जन्मल्या जन्मल्या लस टोचतील, दूधही पाजता येईल, सगळं विचारलंय मी. ह्यांना माहीत आहे, लग्नाआधीच सांगितलं होतं. फक्त सासूबाईंना नाही."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. दोनच वर्षांपूर्वी पलीकडच्या रंगाऱ्याच्या सुनेची वार दवाखान्याने अशीच ठेवून घेतली होती. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. तिचा वाडगा वेगळा झाला, जेवायच्या काड्या वेगळ्या झाल्या, ओळखू याव्यात म्हणून त्यांना दोरा बांधला. बाळ सासूने आपल्या खोलीत नेलं आणि डब्याच्या दुधावर वाढवलं. सहा महिन्यांत सून माहेरी गेली, एकटी. आणि त्या सगळ्या दिवसांत सर्वांत मोठ्याने बोलत होती ती दोंगकाकू. "असल्या बाईनं लग्नच का करावं? माझ्या घरात असती तर मी उंबऱ्याला हात लावू दिला नसता, बाळाला तर सोडाच." हे वेनछिन शेजारी बसून कापूस निवडत ऐकत होती.

"तू स्वतःच नको म्हण की," मी म्हणाले. "हल्लीच्या मुली म्हणतात. किळस येते म्हणावं."

"म्हटलं, मेइयुनताई. तर त्या म्हणाल्या, 'नको? का नको? रंगाऱ्याच्या सुनेसारखं काही आहे की काय?' हसत म्हणाल्या. पण म्हणाल्या." तिने थर्मास उचलला. "माझं बाळ नेतील त्या. मला दुसरी कसली भीती नाही."

याओ मावशीने ओले हात पुसले. मग म्हणाली, "मी आजवर कधी अदलाबदल केलेली नाही."

"मी ते मागायला आले नव्हते," वेनछिन म्हणाली, आणि तिचा चेहरा लाल झाला. अर्थात ती तेच मागायला आली होती.

"पाणी भर आणि घरी जा. या दिवसांत इतका वेळ उभं राहू नये."

त्यानंतर आठवड्याभरात वेनछिनला मुलगा झाला. दोंगकाकूने दारात फटाक्यांची माळ लावली. म्हातारे दोंग धुराने गुदमरायची वेळ आली तरी हसत होते. आणि याओ मावशी नेहमीसारखी दवाखान्याच्या वाटेला लागली, हातात पांढरं भांडं.

ती परत आली तेव्हा झाकणावर लाल फडकं होतं. गल्लीने पाहिलं. दोंगकाकू दुकानातून ओरडली, "काय, वजनदार आहे की नाही? माझ्या नातवाची आहे!" याओ मावशी म्हणाली, "मी हमाल," आणि माझ्या मोरीवर येऊन बसली.

मी पाण्याची बादली घेऊन गेले. तिने पाठ फिरवून भांडं उघडलं, पण मोरी माझी आहे, तिथलं मला न दिसण्यासारखं काही नाही. मोरीतून लाल पाणी आलंच नाही. थोडं तपकिरी आलं आणि संपलं. भांड्यात लांबट, गडद काहीतरी होतं. डुकराची तिल्ली, म्हणजे प्लीहा. स्टेशनाकडच्या बाजारातून आणली असणार, आपल्या बाजारात घेतली असती तर दुपारच्या आत बभ्रा झाला असता.

ती तरीही सुई घेऊन बसली आणि टोचत राहिली. माणसाची करावी तशीच, एकेक जागा चाचपून. कुणी येऊन डोकावलं तर हात चालू दिसले पाहिजेत.

"मावशी," मी म्हणाले.

"पाणी ओत. आणि तोंड बंद ठेव."

मी पाणी ओतलं. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं. सगळ्या तालुक्यात जिच्या हाताची खात्री, ती बाई डुकराची तिल्ली धुवत बसली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. तिरफळं तिने दुप्पट टाकली. आलंही.

अर्धी कौलावर वाळली, पूड झाली. म्हाताऱ्या दोंगांनी ती गरम दारूतून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की छाती मोकळी झाली, इतका गुण आजवर कशाने आला नव्हता. त्या दिवशी ते चालत माझ्या भट्टीपर्यंत आले. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि चुलीकडे तोंड केलं.

करंज्या मात्र नडल्या.

वेनछिन दवाखान्यातून घरी आली तेव्हा याओ मावशी वाडगा घेऊन माडीवर गेली, बाळंतिणीच्या खोलीत. दोंगकाकू मागोमाग. वेनछिनने पहिली करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली. याओ मावशी स्टुलावर बसलेली. तेवढ्यात बाळ रडलं, वेनछिनने वाडगा बाजूला ठेवला, याओ मावशी बाळाचं दुपटं सारखं करायला वाकली, आणि दोंगकाकूने एक करंजी उचलून तोंडात टाकली. पहिला घास झालेला होता, त्यामुळे नियमाने तिला आडकाठी नव्हती.

याओ मावशीने सगळा विचार केला होता. दवाखाना, गल्ली, पाण्याचा रंग, वास. एक गोष्ट तिला सुचली नाही, मलाही नाही, आणि ती गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. दोंगकाकू खाटकाची मुलगी. लहानपणापासून बापाच्या ठोकळ्याशी बसून वाढलेली. तिला तुम्ही डोळे बांधून डुकराचा कुठलाही भाग द्या, ती डुकराचं वयही सांगेल. आणि तिलाच याओ मावशी तिल्ली खाऊ घालायला निघाली होती.

तिने चावलं, थांबली, पुन्हा चावलं. गिळलं. खोलीत काही बोलली नाही, ओल्या बाळंतिणीसमोर भांडण काढायचं नाही एवढं तिला कळतं. याओ मावशी खाली उतरून रस्त्यावर आल्यावर मात्र तिने तिची बाही धरली.

"ही तिल्ली आहे," दोंगकाकू म्हणाली. आधी हळू आवाजात. मग गल्लीला ऐकू जाईल अशी. "डुकराची तिल्ली! माझ्या सुनेला डुकराची तिल्ली चारलीस? आमची कुठे आहे?"

लोक जमायला वेळ लागत नाही. न्हावी कात्री हातात घेऊनच आला. मी भट्टी सोडून बाहेर आले.

"बोल ना! पहिलटकरणीची, मुलाची! कुणाला विकलीस? कुणाच्या पोटात गेली माझ्या नातवाची वार?"

याओ मावशीने बाही सोडवून घेतली नाही. हाइपिंग दुकानाच्या दारात उभा होता, हातात कापड मोजायचा गज, मान खाली. त्याला सगळं माहीत होतं. त्याने तो गज असा काही बारकाईने पाहिला की त्यावर काही लिहिलंय असं वाटावं. मला त्याचा राग आला. आजही येतो.

"बोलायचं नाही? ठीक आहे," दोंगकाकू म्हणाली. "मी दवाखान्यात जाते. तिथं विचारते, तुम्ही हिच्या हातात काय दिलंत ते. नर्सला इथं घेऊन येते सगळ्यांसमोर." आणि ती खरंच निघाली, एप्रनही न काढता.

तेव्हा वरची खिडकी उघडली. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी महिनाभर कुणी उघडत नाही, कागद चिकटवून फटी बंद केलेल्या असतात. कागद फाटल्याचा आवाज आला. वेनछिन, डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा पिठासारखा. "आई, थांबा," ती म्हणाली. "मावशींनी काही नाही—"

"खिडकी लाव!" याओ मावशी एवढ्या जोरात ओरडली की न्हाव्याच्या हातून कात्री पडली. "अक्कल आहे का नाही? थंडी बाधली तर जन्मभर हाडं दुखतील! बाळ उघडं पडलंय तुझं! लाव आधी!" आणि मग दोंगकाकूकडे वळून, त्याच आवाजात, "दवाखान्यात कशाला जातेस? मी विकली."

कात्री उचलायला वाकलेला न्हावी तसाच वाकून राहिला.

"व्यापारी वाटेतच भेटला. चांगला भाव दिला. नातू तुझा होता ना, म्हणून चांगला दिला," याओ मावशी म्हणाली. "झालं समाधान?"

दोंगकाकूने तिच्या तोंडावर मारलं. मग स्वतःच रडायला लागली. "हाइपिंगच्या वेळी तू माझ्यासमोर स्टुलावर बसली होतीस," ती म्हणत राहिली, "माझ्यासमोर बसली होतीस गं." वरची खिडकी हळूच बंद झाली. मार बसला तेव्हा हातातून पडलेलं पांढरं भांडं याओ मावशीने उचललं. त्याच्या कडेचा इनॅमल उडाला होता. ती घरी गेली.

त्यानंतर कुणी तिला बोलावलं नाही. पलीकडच्या गल्ल्यांतूनही नाही. बातमी इतकी चविष्ट होती की ती तालुक्याला पोचली. जुनी गिऱ्हाइकं आठवायला लागली की त्यांच्याही वेळी चव जरा वेगळीच होती. एकीने तर शपथेवर सांगितलं की तिने तेव्हाच ओळखलं होतं. मी ऐकत होते आणि थर्मास भरत होते. मला बोलायची मनाई होती.

याओ मावशी दुसऱ्या दिवसापासून माझ्या भट्टीशी येऊन बसायला लागली. मी बोलावलं नव्हतं. तिने तुसाचं फावडं घेतलं आणि चुलीत तूस टाकायला लागली. मी एवढंच म्हणाले, "मावशी, आज ना उद्या खरं सांगायला पाहिजे कुणीतरी."

"कुणाला? त्या पोरीच्या सासूला?" तिने राख ओढली. "माझं काय जायचंय? मी म्हातारी झाले, सुईत दोरा जात नाही. तिचं दूध आत्ता कुठे उतरायला लागलं असेल. असल्या वेळी रडली की आटतं."

महिना झाला. दोंगांकडे जेवण झालं, बाळाचं डोकं भादरलं, आणि लाल रंगवलेली अंडी घरोघर गेली. माझ्याकडे आली, न्हाव्याकडे आली, ज्यांच्याशी दोंगकाकूचं वर्षानुवर्षं पटत नाही त्यांच्याकडेही आली. याओ मावशीचं दार सोडून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेनछिन आली, महिन्यानंतर पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर. हातात थर्मास. सासू समोर दुकानात कापूस पिंजत होती, तिचा आवाज इथपर्यंत येत होता. वेनछिन भट्टीच्या आडोशाला आली, खिशातून एक लाल अंडं काढलं आणि दोन्ही हातांनी याओ मावशीपुढे धरलं.

"मावशी, बाळाचं."

याओ मावशीने हात पुढे केला नाही. "मला देऊ नकोस. चोराच्या घरी तुझं अंडं दिसलं तर तुझी सासू विचारील, का दिलंस. मग काय सांगशील?"

"मग मी काय करू?" वेनछिन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी रोज ठरवते सांगायचं. रोज. बाळाला अंगावर घेतलं की नाही सांगवत."

"नकोच सांगूस. बैस."

तिने आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः तुसाच्या पोत्यावर बसली. अंडं घेतलं, हंडीच्या कडेला आपटून फोडलं, सोललं. लाल रंग तिच्या बोटांना लागला. सोललेलं अंडं तिने वेनछिनच्या हातात ठेवलं.

"खा."

"मावशी, हे तुमच्यासाठी—"

"इथंच खा, माझ्यासमोर. त्या दिवशी मी तुला डुकराचं दिलं. तुझं तुला दिलंच नाही."

वेनछिन खायला लागली. मी पेल्यात गरम पाणी दिलं. अर्धं झाल्यावर ती थांबली तर याओ मावशी म्हणाली, "सगळं." मग तिने सगळं खाल्लं. याओ मावशी गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, दर बाळंतिणीसमोर बसायची तशीच.

"दूध येतं?" तिने विचारलं.

"येतं."

"पुरतं त्याला?"

"उरतं, मावशी. कपडे भिजतात."

याओ मावशीने मान हलवली. 

"मग झालं," ती म्हणाली, आणि फावडं उचलून तिने चुलीत तूस टाकलं.